डाव्या हाताची घडी

लिफ्टवाल्या काकांचे हात बघून त्यांचा धंदा कुणालाही कळावा. नखांच्या कडांना काळी रेघ, उजव्या अंगठ्यावर तारेच्या दोरानं कापल्याचा जुना व्रण, आणि कितीही साबण चोळला तरी तळव्याच्या रेषांतून ग्रीस काही हलत नाही. एकतीस वर्षं हा माणूस अडकलेल्या लिफ्ट सोडवत आला. पण रविवारी सकाळी तोच माणूस आंघोळ करून, पांढरे सुती हातमोजे चढवून टेबलाशी बसला, की काकू स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "डॉक्टर, ऑपरेशन उरकलं की कपडे वाळत घाला!"

ऑपरेशन पाकिटांचं असायचं.

पूर्वी नवं पोस्टाचं तिकीट निघायचं, तेव्हा त्याआधी त्याचे नमुने सगळ्या पोस्टांत पोचायचे. खिडकीवर बसणाऱ्याला खरं तिकीट कसं दिसतं ते आधीच ठाऊक असावं, एवढाच त्यामागचा हेतू. रंग तोच, चित्र तेच, दातेही तेच. फक्त आडवा 'नमुना' असा शब्द छापलेला, म्हणजे कुणी उचलून पत्राला चिकटवायला नको. असे तीन-चार नमुने बटर पेपरात ठेवायचे, तो बटर पेपर जाड बदामी कागदाच्या घडीत, आणि घडीवर डिंकाची एक पट्टी. पोस्टातला माणूस पाकीट फाडायचा, तिकिटं बघायचा, वहीत लावायचा आणि पाकीट टोपलीत टाकायचा. जमवणारे लोकही तेच करत आले. तिकीट जपायचं, पाकिटाला कोण विचारतो?

काका विचारायचे. त्यांच्याकडे दोनशे बारा पाकिटं होती. आत तिकीट असलं तर असो बापडं, नसलं तरी त्यांची काही तक्रार नव्हती. जुन्या तिकिटांच्या दुकानात ते शिरले की दुकानदार बाकीच्या गिऱ्हाइकांना सांगायचा, "खिसे सांभाळा रे, पाकीटमार आला!" आणि मग काउंटरखालून एक खोका काढून द्यायचा. त्यात बाकीच्यांनी टाकून दिलेली वेष्टनं असायची. काका ती एकेक करून खिडकीच्या उजेडात धरायचे, तिरपी करायचे आणि बहुतेक सगळी परत ठेवायचे.

"अहो, तुम्ही नक्की शोधताय तरी काय?" दुकानदारानं एकदा विचारलं. "पाकीट म्हणजे पाकीट. सगळी एकाच छापखान्यातली, एकाच मापाची."

"मापाची एकच. घडी वेगळी."

"घडी?"

"असते एखाद्याची," काका म्हणाले आणि पुढचं पाकीट उचललं.

घरी या पाकिटांची बडदास्त अशी, की काकूंनी हात टेकले होते. गंजलेली स्टेपलची पिन आधी सोडवायची, नाहीतर तिचा डाग कागदात पसरतो. ठेवायचं पातळ पारदर्शक पिशवीत. पण साध्या प्लॅस्टिकच्या नाही, ते उन्हाळ्यात तेलकट होतं आणि कागदाला धरतं. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवायचं नाही, कारण ती भिंत ओल ओढते. कपाटात आर्द्रता मोजायचा लहानसा काटा. तो काटा साठाच्या पुढे गेला की काका घरभर अस्वस्थ.

"मला आठवडाभर खोकला होता," काकू शेजारणीला सांगायच्या, "तेव्हा म्हणाले, कोमट पाणी पी. पाकिटांना जरा दमट लागलं, तर रात्रभर पंखा! मी सासूबाईंना पाहिलंसुद्धा नाही. पण सासुरवास करायला मागे एवढा गोतावळा ठेवून गेल्यात."

हे काकू हसत म्हणायच्या. पाकिटं कुणासाठी आहेत, हे घरात त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

काकांची आई त्या छापखान्यात कामाला होती. छपाईत नव्हे, पाकिटं करायच्या खोलीत. बावीस वर्षं. खोलीत चौदा बायका, लांबलचक टेबल आणि वरती तारेची जाळी लावलेल्या खिडक्या. तिकिटं म्हणजे नोटांसारखंच प्रकरण, त्यामुळे फाटकावर पहारा, आत जाताना झडती, बाहेर येताना झडती. घरच्या माणसाला आत यायची सोय नव्हती. लहानपणी काका डबा घेऊन फाटकापर्यंत जायचे. पहारेकरी डबा उघडायचा, चमच्यानं ढवळून बघायचा आणि आत पाठवायचा. त्यापलीकडे आई काय करते, ते ऐकूनच माहीत.

ऐकलं ते असं. कागद समोर सरळ ठेवायचा, मध्ये बटर पेपर. खालची बाजू वर घ्यायची, वरची खाली. मग डावी बाजू आत, तिच्यावर उजवी, आणि उजवीच्या टोकाला पट्टी. एका पाकिटाला सगळा मिळून श्वास घेण्याइतका वेळ. तेरा बायकांची घडी अशी पडायची. काकांची आई डावखुरी. तिची उजवी बाजू आधी आत जायची आणि डावी वरून यायची. खोलीवर देखरेख करणाऱ्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात तिला उभं केलं. "ही उलटी घडी चालायची नाही. सगळ्यांसारखी घाल." आईनं दोन दिवस सगळ्यांसारखी घातली. बाकीच्यांची शंभर व्हायची, तेव्हा तिची चाळीस. तिसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, "घाल बाई, तुझ्या हाताला येईल तशी घाल. पोस्टातला माणूस फाडणारच आहे."

हा किस्सा आई घरी नक्कल करून सांगायची. देखरेखीच्या बाईंचा चष्मा नाकावर उतरवून. सगळे हसायचे.

काका नऊ वर्षांचे असताना त्यांना तिकिटांचं वेड लागलं. खालच्या मजल्यावर पोस्टातले एक कारकून राहायचे. त्यांनी एक दिवस मुदत संपलेल्या नमुन्यांची सात पाकिटं आणून हातावर ठेवली. त्या दिवशी काका जेवले नाहीत. पाकिटं टराटरा फाडली, बावीस तिकिटं काढली आणि जमिनीवर ओळीनं मांडून बसले. एकावर होडी होती, दोन पक्षी होते, एक पूल होता. आई संध्याकाळी पाळी संपवून आली. चपला काढता काढताच तिला हात धरून आणलं. तिनं खाली बसून एकेक तिकीट पाहिलं. पक्षी तिला आवडले.

"आणि पाकिटं?"

"टाकली."

आई उठली. कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्यात वाकून तिनं फाटलेले कागद चाळले. एक बाहेर काढला, बोट घडीवरून फिरवलं.

"ही माझी," ती म्हणाली.

"कशावरून?"

"डावी वर आहे ना? मग माझी." तिनं अजून एक काढला. "हीपण." आणि मग हसून म्हणाली, "तिकिटं दुसरेच लोक छापतात रे. त्यात माझं असतं ते एवढंच."

ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं, असं काकांना पुढे कितीतरी वर्षं वाटत राहिलं. तिनं ते दोन कागद परत डब्यात टाकले आणि पाणी प्यायला आत गेली. सकाळी कचरा गेला.

काका वीस वर्षांचे असताना ती गेली. आजार तीन आठवड्यांचा. भाड्याची घरं बदलली, सामान वाटलं गेलं, तिचा चष्मा बहिणीकडे गेला. उरला एक फोटो, छापखान्यातल्या चौदा जणींचा. आई मागच्या रांगेत, मान थोडी वाकडी, हात पुढच्या बाईच्या खांद्याआड. चेहरा दिसतो, हात दिसत नाहीत. छापखानाही मग यंत्रावर गेला, पाकिटं बंद झाली, खोली मोडली.

तिची घडी असलेलं एखादं पाकीट कुठेतरी असणारच, हे काकांच्या डोक्यात आलं ते लग्नानंतर. बावीस वर्षांत तिनं लाखांनी पाकिटं केली असतील. लाखांतलं एक मिळायला काय हरकत आहे? पण ते वाटलं तेवढं सोपं नव्हतं. पाकीट एकदा उघडलं, की बंद करणारा ते आपल्या हाताप्रमाणे बंद करतो. डावी वर दिसली म्हणून ती आईचीच, असं छातीठोक सांगता येत नाही. दाबाची खूण बघावी लागते: जी बाजू आधी खाली गेली, तिच्यावर वरून आलेल्या बाजूच्या कडेची पुसट रेघ उमटते. दोनशे बारांपैकी तीन पाकिटांवर काकांना ती रेघ दिसल्यासारखी वाटली. 'वाटली' एवढंच. तिन्ही उघडलेली, चुरगळलेली, कुणाकुणाच्या हातांतून गेलेली. काकांना हवं होतं ते तिनं बंद केलेलं, तिच्यानंतर कुणीच न उघडलेलं. एकच.

तीस वर्षं गेली. मग एके दिवशी दुपारी दुकानदाराचा फोन आला.

"पाकीटमार, बसा आधी. एका जुन्या पोस्टाची जागा बदलतेय. कपाटामागे नमुन्यांचं बंडल सापडलंय. कुणी हात लावला नाही अजून. काही तर बंद आहेत म्हणे."

"कुठे?"

"बसनं तीन तास. मी गेलो होतो, त्या पोस्टमास्तरीणबाईंनी मला दारातूनच वाटेला लावलं. म्हणाल्या, सरकारी आहे, विकत नाही. तुम्ही बघा तुमचं गोड बोलून."

काका गोड बोलण्यात किती तरबेज, ते काकूंना माहीत होतं. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला वरून धीर देतानासुद्धा हा माणूस फक्त "हं, येतोय" एवढंच म्हणायचा. त्या म्हणाल्या, "मीपण येते. तुम्ही एकटे गेलात, तर 'बरं' म्हणून परत याल."

पोस्ट म्हणजे तीन खोल्या होत्या आणि अर्ध्याअधिक खोक्यांत भरून झालेल्या. भिंतीवर घड्याळाच्या जागी गोल पांढरा डाग. पोस्टमास्तरीणबाई पन्नाशीच्या, केस घट्ट बांधलेले, चष्म्याला दोरी. काकूंनी सगळं सांगितलं. सासूबाई, छापखाना, फाटक, झडती, काहीही न वगळता. काका शेजारी टोपी हातात धरून उभे. बाईंनी शांतपणे ऐकलं.

"ताई, तुमचं सगळं खरं आहे," त्या म्हणाल्या. "पण नमुने कुणाला देता येत नाहीत. देऊन टाकता येत नाहीत, विकता येत नाहीत, जागा बदलताना बरोबर नेताही येत नाहीत. नियम एकच आहे. मोजायचे, जाळायचे, दोन बाहेरच्या साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या, कागद वर पाठवायचा. तीन आठवडे मी साक्षीदार शोधतेय. जाळण्यासाठी वेळ काढून कोण येतं?"

"जाळणार?" काका पहिल्यांदा बोलले.

"अठ्ठावीस संच. यादीत आहेत."

काकूंनी काकांकडे पाहिलं. काकांचा चेहरा, दोर तुटलेल्या लिफ्टखाली उभं राहिल्यासारखा. मग काकूंनी खुर्ची ओढली आणि बसल्या.

"बाई, ती यादी मला जरा वाचून दाखवता?"

बाईंनी कागद काढला. "नमुना-तिकिटे, संच अठ्ठावीस. प्रत्येक संचात तीन किंवा चार. एकूण तिकिटे ब्याण्णव."

"पाकिटं?"

"पाकिटांचं काय?"

"पाकिटं किती, ते लिहिलंय का?"

बाईंनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, उलटा करून मागची बाजू बघितली. "नाही. पाकिटांचं काहीच नाही."

"मग ती सरकारी कशी? यादीत नाही ते कचरा. आणि कचरा उचलायला आम्ही दोघं आलोय. वर साक्षीदार म्हणून सहीही करतो. तुमचं तीन आठवड्यांचं घोडं पेंड खातंय, ते आज सुटेल."

पोस्टमास्तरीणबाईंनी यादी परत एकदा चाळली. मग हसल्या. "ताई, तुम्ही पोस्टात लागायला हव्या होतात."

"हे लिफ्टमध्ये लागले तेवढं पुरे आहे."

"पण एक आहे," बाई म्हणाल्या. "तिकिटं मोजायला लागतील. बंद पाकिटं उघडावी लागतील. बंद पाकीट तसंच दिलं तर आतली तिकिटं दिल्यासारखी होतात. आणि न उघडता जाळलं, तर मी ब्याण्णव मोजली असं कुठल्या तोंडानं लिहू?"

काकूंनी काकांकडे बघितलं. काकांनी मान डोलावली. अजून काही सापडलंच नव्हतं. मान डोलवायला काय जातंय.

बंडलाची सुतळी सोडली. वरची सतरा पाकिटं उघडलेलीच होती. बाईंनी त्यातली तिकिटं काढून ताटलीत ठेवली, काकूंनी मोठ्यानं मोजली. काकांनी एकेक पाकीट उजेडात तिरपं केलं. उजवी वर. उजवी वर. उजवी वर. उरलेली अकरा बंद. बाईंच्या हातात पत्रं फोडायची पितळी सुरी होती, आणि ती सरावानं चालत होती: टोक आत, एक झटका, पाकीट दुभंग. पहिलं, दुसरं, तिसरं. पुढची चार टेबलावर पसरून ठेवली होती. त्यातल्या दुसऱ्यावर काकांचा हात पडला तो एकदम.

"थांबा."

सुरी हवेतच राहिली.

डावी वर होती. पट्टी डावीच्या टोकाला, किंचित तिरकी. डिंक कडेनं तपकिरी झालेला, कुठेही उचललेला नाही, कुठेही परत चिकटवलेला नाही. काकांनी ते टेबलावरून उचललं नाही. नुसते वाकून बघत राहिले, आणि मग लक्षात आलं की आपण हातमोजे आणायला विसरलो.

"तेच का?" काकूंनी विचारलं.

काकांनी मानेनंच हो म्हटलं.

तेवढ्यात खिडकीवर कुणीतरी हाक मारली आणि पोस्टमास्तरीणबाई उठून गेल्या. "रजिस्टर पत्र आहे वाटतं. पाच मिनिटं बसा."

खोलीत दोघंच. काकू काकांच्या कानाशी आल्या. "पर्समध्ये टाकू का?"

"काय?"

"तिकिटं तीन-चार कमी भरली, तर मोजण्यात चूक झाली म्हणायचं. चाळीस वर्षं कपाटामागे पडलेलं कुणाला ठाऊक आहे? जाळल्यावर कोण राख मोजायला येणार? टाकते मी. तुम्ही नुसते तिकडे बघा."

पर्स उघडी होती. पाकीट हातभर अंतरावर. काका पर्सकडे बघत होते आणि त्यांना फाटक दिसत होतं. झडती घेणारी बाई आईच्या पदराचं टोकसुद्धा झटकून बघायची, आणि आई हात वर करून उभी राहायची, रोज, बावीस वर्षं. त्या बावीस वर्षांत त्या खोलीतून कागदाचं चिटोरं तिच्या अंगाबरोबर बाहेर आलं नव्हतं. स्वतःच्या मुलाला तिकिटांचं वेड आहे हे ठाऊक असतानाही नाही.

"नको," काका म्हणाले. "तिनं नसतं आणलं."

काकूंनी पर्स बंद केली. "मग?"

"उघडूया."

"अहो, पण तीस वर्षं तुम्ही न उघडलेलंच—"

"माहीत आहे."

बाई परत आल्या आणि सुरीकडे हात गेला. काका म्हणाले, "एवढं एक मी उघडलं तर चालेल?" बाईंनी सुरी त्यांच्यापुढे सरकवली. "सुरी नको. तो स्पंज द्या." तिकिटं ओली करायचा स्पंज, रबराच्या वाटीतला. बाईंनी त्यात थोडं पाणी घालून दिलं. काकांनी साबणानं हात धुतले, रुमालानं कोरडे केले, परत धुतले.

मशीन अनोळखी असेल तेव्हा ते उघडताना काका नेहमी एक गोष्ट करायचे: जे आधी निघेल ते उजवीकडे ठेवायचं, पुढचं त्याच्या शेजारी, तसंच ओळीनं. कारण जे शेवटी बसवलेलं असतं तेच आधी निघतं. ओळ उलटी वाचली की बसवणाऱ्यानं काय काय केलं ते कळतं. नट उलटा घातलेला असेल, तर तो माणूस घाईत होता. वायसर दोन असतील, तर भित्रा होता. न भेटलेल्या कितीतरी मेकॅनिकांना काका असे ओळखत होते.

त्यांनी ओल्या स्पंजानं पट्टी भिजवली. थांबले. परत भिजवली. डिंक हळूहळू सुटला. पट्टी निघाली तेव्हा तिच्या आतल्या बाजूला डिंक एका जागी दबून पातळ झालेला होता, लांबट गोल, अंगठ्याच्या शेंड्याएवढा. ती शेवटी इथे दाबत होती. डाव्या अंगठ्यानं. काकांनी पट्टी उजवीकडे ठेवली.

त्याआधी डावी बाजू. ती उचलताना कागद कुरकुरला. घडीवरून नख फिरवल्याची चकाकी होती, वरून खाली, आणि खालच्या टोकाशी जरा वळलेली. म्हणजे ती नख ओढत खाली आणून तसाच हात पुढच्या कागदाकडे वळवत असणार. त्याआधी उजवी बाजू. तिच्यावर डावीच्या कडेची पुसट रेघ होती. हीच रेघ काकांनी तीस वर्षं दुसऱ्यांच्या पाकिटांवर शोधली होती. इथे ती शोधावी लागली नाही. त्याआधी वरची. त्याआधी खालची. प्रत्येक बाजू उलगडली की काका थोडे थांबायचे. काकूंना वाटलं, आता रडतील. ते रडत नव्हते. ते बघत होते. फाटकाच्या आतलं जे कधी बघायला मिळालं नाही, ते त्यांच्यासमोर उलट्या क्रमानं, अगदी सावकाश, घडत होतं.

"शेवटची घडी," पोस्टमास्तरीणबाई हळूच म्हणाल्या.

खालची बाजू उलगडली. आत बटर पेपर, त्यात चार तिकिटं. दुसरं काही नव्हतं. चिठ्ठी नाही, खूण नाही, काहीच नाही. असायचं कारणही नव्हतं. तिनं सकाळी अकरा वाजता करावं तसं, आधीच्यासारखं आणि नंतरच्यासारखं एक पाकीट होतं.

"चार," काकू मोजून म्हणाल्या.

मागच्या अंगणात पत्र्याच्या बादलीत तिकिटं जळली. ब्याण्णव. नऊ वर्षांच्या काकांनी यातल्या एकासाठी जीव टाकला असता. आता त्यांनी एकदा वाकून पाहिलं, कुठलं काय होतं ते. आईच्या पाकिटातल्या चारांवर दीपगृह होतं. ते निळं होऊन जळलं. बाईंनी काडीनं राख हलवली, कागदावर वेळ लिहिली आणि खाली एक ओळ घातली: 'वेष्टने निरुपयोगी असल्याने टाकून दिली.' दोघांनी सह्या केल्या.

परतीच्या बसमध्ये काका खिडकीशी. मांडीवर दोन पुठ्ठे, मध्ये तो उलगडलेला बदामी कागद. बाकीची सत्तावीस काकूंच्या पिशवीत. निघताना बाईंनी मदत म्हणून तो कागद पटकन घडी घालून द्यायला घेतला होता, उजवी वर, सगळ्यांसारखी. काकांनी तो त्यांच्या हातातून जवळजवळ हिसकावूनच घेतला होता आणि मग तीनदा माफी मागितली होती.

"आता ठेवणार कसं?" काकूंनी विचारलं. "उघडं की बंद?"

"बंद कोण करणार? माझा हात उजवा. मी केली तर माझी होईल."

"मग उघडं ठेवा."

"हं."

"पश्चात्ताप होतोय का? उघडल्याचा?"

काकांनी मांडीवरचे पुठ्ठे नीट जुळवले. बाहेर शेतं संपून घरं लागली होती. "ती काम कसं करायची ते बघितलं मी आज," ते म्हणाले. "पण एकदाच. आता परत नाही बघता यायचं."

काकूंनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला. काकांनी वरचा पुठ्ठा जरासा उचलला, कागद वाकला तर नाही ना बघायला. कागद सपाट पडलेला होता. पुठ्ठ्याचा भार निघाला तसा तो हलला. चाळीस वर्षं एकाच आकारात राहिलेला कागद. आधी खालची बाजू थोडी वर आली, मग वरची, मग उजवी, आणि सगळ्यांनंतर डावी, हळूहळू, कुणी हात न लावता, अर्ध्यावर येऊन थांबली.

"वारा लागतोय," काकू म्हणाल्या. "झाका ते."

"थांब जरा," काका म्हणाले.